स्वयंसेवी ट्रेकिंग क्लबमध्ये नवीन आहात? पहिल्या सूचनेपासून सुरुवात करू

स्वयंसेवकांनी चालवलेल्या ट्रेकिंग क्लबमध्ये पगारी माणूस कुणीच नसतो. वाट आधी जाऊन पाहून येणारे, गाडी ठरवणारे, नावं लिहून घेणारे, साहित्य तपासणारे आणि रात्री उशिरा तुमच्या ‘बूट कोणते घालू?’ला उत्तर देणारे, हे सगळे नोकरीधंदा आणि घर सांभाळून उरलेल्या वेळात हे काम करतात. नव्या सभासदाला कटकटीचे वाटणारे क्लबचे बहुतेक नियम याच एका गोष्टीतून आलेले असतात. ती ध्यानात ठेवून आलात तर काही महिन्यांतच तुम्ही पाहुणे न राहता घरचे होता. हा लेख त्या पहिल्या काही महिन्यांसाठी आहे.

आधी मागचे वृत्तांत वाचा

नवा सभासद सगळ्यात आधी येत्या महिन्याचा कार्यक्रम उघडतो. माझा आग्रह उलटा आहे. आधी मागच्या वर्षभराचे ट्रेकचे वृत्तांत वाचून काढा. कार्यक्रमात काय ठरलं होतं ते असतं, वृत्तांतात काय झालं ते असतं. गट किती वाजता पायथ्याला परतला, पाणी कुठे मिळालं, कोणत्या टप्प्यावर सगळे रेंगाळले, कुणी माघार घेतली आणि त्यांच्यासोबत कोण थांबलं. हे शेवटचं मुद्दाम शोधा. अर्ध्यातून परत फिरलेल्या माणसाबद्दल क्लब मोकळेपणाने आणि मान राखून लिहीत असेल, तर तिथे तुम्हालाही ‘आज मला जमत नाहीये’ म्हणता येईल. ज्यांच्या वृत्तांतांत सगळे कायम माथ्यावर पोचतात आणि कायम मजेत असतात, तिथे काहीतरी सांगायचं राहून जातंय असं समजा.

रूक्ष वाटणाऱ्या बातम्याही सोडू नका. अमुक वाट दरड कोसळल्याने बंद आहे, तमुक ठिकाणी आता परवानगी लागते, प्रथमोपचाराचा वर्ग या रविवारी आहे, दोर वापरातून काढून टाकले आहेत, अशा ओळींवरून क्लब कसा चालतो ते फोटोंपेक्षा जास्त कळतं. जुने दोर वेळेवर बाद करणारा आणि तसं जाहीर सांगणारा क्लब चांगला.

ट्रेकची सूचना ओळीओळीने वाचा

आता कार्यक्रमाकडे वळू. समजा सूचना अशी आहे: ‘एकूण अंतर 14 किमी. एकूण चढाई 750 मीटर. श्रेणी मध्यम. उतरताना घसारा. माथ्यावर पाणी नाही. जास्तीत जास्त 15 जण. पायथ्यापासून सुरुवात सकाळी 6, पायथ्याला परत दुपारी 3.’ बरेच जण यातलं ‘मध्यम’ वाचतात आणि नाव नोंदवतात. खरी माहिती बाकीच्या ओळींत आहे.

अंतर आणि चढाई एकत्र वाचायची असते. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये यासाठी एक साधा हिशेब मांडला आणि तो आजही जगभर वापरला जातो. सपाटीला दर 5 किलोमीटरला एक तास, आणि त्यावर दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. वरच्या ट्रेकला हा हिशेब लावा. 14 किलोमीटरचे पावणेतीन तासांहून थोडे जास्त, 750 मीटरचा सव्वा तास. म्हणजे जेमतेम चार तास. मग सूचनेत नऊ तास का दिले आहेत?

नेस्मिथ यांचा हिशेब सरावलेल्या आणि न थांबणाऱ्या माणसाचा आहे. गट मात्र सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या वेगाने चालतो. पंधरा जणांत कुणाच्या तरी बुटाची नाडी सुटते, कुणाला पाणी प्यायचं असतं, अवघड पायरीवर एकेक जण उतरेपर्यंत बाकीचे खोळंबतात. खाण्यासाठी थांबायचं, माथ्यावर थोडं बसायचं. आणि घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या बारीक दगडमातीच्या उतारावरून, उतरायला पुष्कळदा चढण्याइतकाच वेळ लागतो. हे सगळं धरून लीडरने नऊ तास लिहिले आहेत आणि त्यात अंधार पडायच्या आधीचे काही तास हाताशी राखले आहेत. असा हिशेब प्रत्येक सूचनेवर करून पाहा. आकडा आणि दिलेली वेळ यांचा मेळ बसत नसेल तर लीडरला विचारा. चांगल्या लीडरला हा प्रश्न आवडतो.

‘एकूण चढाई’ ही माथ्याची उंची नसते. वाटेत खिंडीत उतरून पुन्हा चढायचं असेल तर तोही चढ त्यात मोजलेला असतो. आणि ‘मध्यम’ या शब्दाचं माप प्रत्येक क्लबचं वेगळं. एका क्लबचा सोपा ट्रेक दुसऱ्याच्या मध्यमइतका दमवतो, म्हणून श्रेणीवर विसंबण्यापेक्षा आकडे आणि जुने वृत्तांत पाहा. घसारा, कातळावरची चढण, उघडा कडा, पाण्यातून जाणारी वाट असे शब्द दिसले की थांबून विचार करा: मी हे कधी केलंय का?

पहिला ट्रेक निवडताना

शक्य असेल तर नव्या सभासदांसाठी ठेवलेल्या ट्रेकलाच या. तो सोपा असतोच, शिवाय त्या दिवशी लीडरचं लक्ष वाटेपेक्षा तुमच्याकडे असतं. बाकीच्या ट्रेकवर तितकं लक्ष मिळेलच असं नाही.

आधीच्या दोन-तीन आठवड्यांत स्वतःची परीक्षा घ्या. पाठीवर पाण्याने भरलेली सॅक घेऊन दोन-तीन तास सलग चाला. जिने चढा आणि, याकडे सहसा दुर्लक्ष होतं, जिने उतरा. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, आणि सवय नसलेल्या स्नायूंना तेच जड जातं. म्हणून पहिल्या ट्रेकनंतर दुखणं त्याच दिवशी फारसं जाणवत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त होतं. आधी थोडी सवय केली की हा त्रास बराच कमी होतो.

तब्येतीबद्दल खरं सांगा. दमा, मधुमेह, फिट येणं, गुडघ्याचं जुनं दुखणं, मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी, चालू असलेली औषधं, उंचीची भीती. ही माहिती लीडरला हवी असते ती तुम्हाला वगळायला नव्हे. दम्याचा पंप तुमच्या सॅकच्या कोणत्या कप्प्यात आहे हे आणखी एका माणसाला माहीत असणं, एवढीच ती गरज असते. सगळ्यांसमोर सांगायचं नसेल तर लीडरला एकट्याला सांगा.

नाव नोंदवलं म्हणजे शब्द दिला

नोंदणीचे नियम क्लबगणिक वेगळे असले तरी मुद्दा एकच. पंधरा जागा असतात आणि सोळाव्या माणसाला प्रतीक्षायादीत थांबावं लागतं. तुमचं येणं रद्द झालं तर कळल्या क्षणी कळवा, रात्री कितीही वाजले असोत. तुम्ही गुरुवारी कळवलंत तर यादीतल्या कुणाला तरी रविवार मिळतो. तुम्ही न सांगता आला नाहीत तर गाडी तुमच्यासाठी वीस मिनिटं थांबते, तेवढा वेळ पुढे उन्हात किंवा अंधारात भरून काढावा लागतो आणि खर्च वाटून घेतलेला असेल तर तुमचा वाटा इतरांच्या खिशातून जातो.

न विचारता मित्राला सोबत आणू नका. जागा असली तरी. लीडरने पंधरा जणांची माहिती घेतलेली असते, सोळाव्याची नसते. लीडर नाव घेण्याआधी प्रश्न विचारतील, कधी ‘हा ट्रेक नको, पुढचा करा’ म्हणतील. ते मनावर घेऊ नका. डोंगरात तुमची जबाबदारी त्यांच्यावर असते आणि त्याचा त्यांना एक पैसाही मिळत नाही. त्यांचा नकार ऐकणं हे आपलं काम.

साहित्य: आधी मागा, मग विकत घ्या

पहिल्या ट्रेकसाठी नवं सामान विकत घेऊ नका. पुष्कळ क्लबांकडे सॅक, काठ्या, विजेऱ्या सभासदांना वापरायला असतात. दोन-तीन ट्रेक झाले की तुम्हाला काय लागतं ते तुम्हालाच कळतं.

अपवाद बुटांचा. ते स्वतःचेच हवेत. संध्याकाळी घालून बघा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात आणि ट्रेकवरही ते तसेच होणार असतात. ट्रेकला वापरायचे तेच मोजे घाला, आणि बोटांपुढे थोडी जागा राहील असं माप घ्या. कोरे बूट घालून थेट डोंगरावर जाऊ नका, आधी आठवडाभर रोजच्या चालण्यात वापरा. उतरायला लागण्यापूर्वी घोट्यापाशी नाडी पुन्हा घट्ट बांधा. नाहीतर पाय पुढे सरकून बोटं बुटावर आपटत राहतात आणि अंगठ्याचं नख काळं पडतं.

कपडे सुती नकोत, निदान थंडी-पावसात नकोतच. सुती कापड घाम आणि पाणी धरून ठेवतं, उशिरा वाळतं आणि वाऱ्यात अंग गार पाडतं. दर हजार मीटर उंचीमागे हवेचं तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, त्यात वारा सुटला की गारठा वाढतो. पायथ्याला घाम फुटत असतानाही एक गरम थर आणि वारा-पाऊस अडवणारं जाकीट सॅकमध्ये हवं.

बाकीच्या सामानासाठी ‘दहा आवश्यक वस्तूं’ची यादी प्रसिद्ध आहे. सिॲटलच्या ‘द माउंटेनियर्स’ या क्लबच्या प्रशिक्षणातून 1930च्या दशकात ती आली. म्हणजे तीही आपल्यासारख्याच हौशी लोकांच्या अनुभवातून आलेली आहे. नकाशा आणि होकायंत्र, विजेरी, उन्हापासून बचाव, प्रथमोपचार, चाकू, आग पेटवायचं साधन, तात्पुरता निवारा, जादा खाणं, जादा पाणी, जादा कपडे. दिवसाच्या ट्रेकला विजेरी कशाला, असं नवे लोक हमखास विचारतात. दिवसाचे ट्रेक रात्रीचे होतात ते ठरवून होत नाहीत, म्हणून. विजेरी डोक्याला बांधायची असावी, हात मोकळे राहतात.

पाणी साध्या चालीला तासाला अर्धा लिटरच्या आसपास लागतं, उन्हात आणि चढाला त्याहून जास्त. घाम फार येत असेल तर नुसतं पाणी पीत राहू नका, सोबत क्षार आणि काहीतरी खाणं पोटात जाऊ द्या. मोबाइलवर नकाशा आधीच उतरवून ठेवा. नेटवर्क नसतानाही जीपीएसला तुमची जागा कळते, पण नकाशाच उतरवलेला नसेल तर पडद्यावर कोऱ्या जागेत एक ठिपका तेवढा दिसतो. नेटवर्क शोधत राहिल्याने बॅटरी भराभर उतरते, तेव्हा फोन फ्लाइट मोडवर ठेवा.

ट्रेकचा दिवस

दिलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी या. लीडर स्वतःची, सोबत्यांची आणि वाटेची ओळख करून देतील, तेव्हा गप्पा बंद ठेवा. सगळ्यात पुढे कोण चालणार, सगळ्यात मागे कोण, आणि कुठेही पोचलेलो असलो तरी अमुक वाजता परत फिरायचं ती वेळ कोणती, या तीन गोष्टी त्या पाच मिनिटांत सांगितल्या जातात.

लीडरच्या पुढे जायचं नाही, शेवटच्या माणसाच्या मागे राहायचं नाही. हा नियम तुम्हाला कितीही चालता येत असलं तरी लागू आहे. वेगवान माणसाला हे जाचतं, मला ठाऊक आहे. पण पुढे गेलेला माणूस फाट्यावर चुकला तर त्याला शोधायला अख्खा गट थांबतो.

फाट्याचं काम कसं चालतं ते सांगतो, कारण माणसं हरवतात ती बहुतेक इथेच. वाट जिथे फुटते तिथे पोचलेल्या माणसाने मागे वळून बघायचं. मागचा दिसत असेल आणि त्याने तुम्हाला कुठल्या वाटेने जाताना पाहिलं असेल तरच पुढे निघायचं. दिसत नसेल तर तिथेच उभं राहायचं. मग तो आला की तो थांबतो, तुम्ही निघता. अशा रीतीने गटातलं कुणी ना कुणी प्रत्येक फाट्यावर शेवटच्या माणसापर्यंत उभं असतं. यात कुणाला आरडाओरडा करावा लागत नाही, शिट्टी लागत नाही, नेटवर्क लागत नाही. फक्त प्रत्येकाने आपल्या मागच्या एका माणसाची काळजी घ्यायची असते.

लघवीला किंवा आणखी कशाला बाजूला जायचं असेल तर शेवटच्या माणसाला सांगा आणि सॅक वाटेच्या कडेला दिसेल अशी ठेवून जा. पाण्यापासून साठेक मीटर तरी लांब जा. वापरलेले कागद आणि पॅड पिशवीत घालून परत आणा.

थांबण्याबद्दल एक अन्याय होतो, तो सांगतो. पुढचे पाच जण पोचतात, दहा मिनिटं बसतात. शेवटचा माणूस धापा टाकत पोचतो तेव्हा पुढचे सॅक चढवून उठलेले असतात. म्हणजे ज्याला विश्रांती सगळ्यात जास्त हवी त्यालाच ती मिळत नाही. चांगला लीडर शेवटचा माणूस पोचून, पाणी पिऊन, श्वास जागेवर येईपर्यंत निघत नाही. तुम्ही पुढच्यांत असाल तर उठायची घाई करू नका. शेवटच्यांत असाल तर ‘मला पाच मिनिटं हवीत’ असं बेधडक म्हणा.

पायात कुठे चुरचुरलं तर लगेच थांबा. ‘पुढच्या थांब्यावर बघू’ म्हणाल तर तोवर फोड आलेला असेल. बूट-मोजा काढा, टाच कोरडी करा, मोज्यातला खडा झटका. लाल झालेल्या जागेवर चिकटपट्टी लावा, पण आधी पट्टीचे कोपरे कात्रीने गोल कापा. चौकोनी कोपरे मोज्याला घासून उचकटतात आणि गुंडाळी होऊन जास्तच टोचतात. पट्टी लावताना सुरकुती राहू देऊ नका. या सगळ्याला चार मिनिटं लागतात आणि ती मागताना मुळीच संकोच वाटू देऊ नका. फोड आलेल्या माणसामुळे गटाचा तासभर जातो.

घसाऱ्यावर एकाच्या थेट खाली दुसऱ्याने उभं राहायचं नाही. दगड सुटला तर ‘दगड!’ असं जोरात ओरडायचं, अगदी छोटा असला तरी. खाली असाल आणि ओरडणं ऐकलंत तर वर बघू नका, कड्याला चिकटा आणि डोकं झाका.

आणि परत फिरायची वेळ झाली की परत फिरायचं. माथा समोर दिसत असला तरी. त्या क्षणी लीडरशी वाद घालणारा अनुभवी सभासद नव्या माणसाला सगळ्यात वाईट धडा देतो.

काही बिघडलं तर

वाट चुकलीये असं वाटलं तर आहात तिथेच थांबा. चालत राहिलेल्या माणसाला शोधणं फार अवघड असतं. डोंगरातला मदतीचा जुना खूण-संकेत लक्षात ठेवा: एका मिनिटात सहा वेळा शिट्टी, हाक किंवा विजेरीची उघडझाप, मग एक मिनिट शांत, मग पुन्हा तसंच. ‘कळलं’ असं उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं. मदत दिसली तरी खूण बंद करू नका, त्यांना तुमच्यापर्यंत नेमकं पोचायचं असतं.

कुणी पडलं तर सगळ्यांनी धावायचं नाही. लीडर आणि प्रथमोपचार येणारा एक जण पुढे, बाकीच्यांनी सुरक्षित जागी बसून अंगावर गरम कपडे चढवायचे. जखमी माणसाच्या अंगाखालीही काहीतरी घाला, गार जमीन अंगातली ऊब भराभर खेचून घेते. मदत मागवताना जागा, काय झालंय, किती जण आहेत आणि तिथली हवा कशी आहे, हे आधी कागदावर लिहा आणि मग फोन करा. घाबरलेल्या माणसाला फोनवर निम्मं आठवत नाही.

विजा चमकत असतील तर चमक आणि गडगडाट यांमधले सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. त्याआधीच माथा आणि धार सोडून खाली उतरलेलं बरं. एकट्या झाडाखाली किंवा उथळ कपारीच्या तोंडाशी आडोसा घेऊ नका, एकमेकांपासून लांब लांब राहा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी पुन्हा वर चढू नका.

पुढेमागे क्लबसोबत उंचावरच्या मोठ्या ट्रेकला जाल, तेव्हासाठी एवढंच: 2,500 मीटरच्या वर डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही विरळ हवेची लक्षणं असू शकतात. 3,000 मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा 500 मीटरहून जास्त उंचावर करू नये. लक्षणं वाढत असतील तर उपाय एकच, खाली उतरणं.

परतल्यावर वृत्तांत लिहा

घरी पोचलात की लीडरला कळवा. सगळ्यांचे निरोप आल्याशिवाय त्यांचा ट्रेक संपत नाही. उसनं साहित्य वाळवून, साफ करून परत द्या. ओला तंबू गुंडाळून दिलात तर त्याला बुरशी लागते आणि पुढच्या माणसाच्या हाती तो वास येतो. फोटो टाकताना त्यातल्या माणसांना विचारा, मुलांच्या बाबतीत त्यांच्या आईवडिलांना.

आणि वृत्तांत लिहायला कुणी हवंय का, असं लीडरना विचारा. नव्या माणसासाठी हे उत्तम काम आहे, कारण जुन्यांना जे दिसेनासं झालंय ते तुम्हाला दिसतं. मात्र ‘निसर्गरम्य परिसर होता, सर्वांनी मनमुराद आनंद लुटला’ असं लिहून कुणाचाच फायदा होत नाही. असं लिहा: ‘खिंडीनंतरचा डावा फाटा पाणवठ्यापर्यंतच जातो, आम्ही तिथे वीस मिनिटं चुकलो. खरी वाट उजवीकडे दोन कातळांच्या मधून वर चढते. पाणवठा कोरडा होता. शेवटच्या टप्प्यात दोघे जण खाली थांबले, त्यांच्यासोबत को-लीडर थांबल्या.’ पुढच्या वर्षी कुणीतरी या चार ओळी वाचून पाण्याची एक बाटली जास्त घेईल.

ट्रेकशिवायची कामं

क्लब म्हणजे नुसते ट्रेक नव्हेत. नकाशावाचनाचा वर्ग आवर्जून करा. समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, जवळजवळ आल्या की चढ उभा, लांब गेल्या की सपाटी. 1:50,000च्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. एवढं एका दुपारी शिकून होतं आणि पुढे कायम उपयोगी पडतं. प्रथमोपचाराचा वर्ग दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा करावा, हात विसरतात. वार्षिक सभेलाही या. जमाखर्च वाचून दाखवतात तेव्हा लोक फोन बघतात, पण वर्गणी कशावर खर्च होते ते तिथेच कळतं.

मला स्वतःला सगळ्यात मोलाचा वाटतो तो वाटेच्या देखभालीचा दिवस. अमेरिकेतली ॲपलाचियन ट्रेल साधारण 3,500 किलोमीटरची आहे. बेंटन मकाय यांनी 1921 मध्ये तिची कल्पना मांडली आणि 1937 मध्ये ती सलग झाली. आजही तिचे तुकडे तीसच्या आसपास क्लबांनी वाटून घेतलेले आहेत. पडलेली झाडं दूर करणं, पाण्याला वाट काढून देणं, झाडांवरचे पांढरे पट्टे पुन्हा रंगवणं हे सगळं स्वयंसेवक करतात. नॉर्वेत 1868 साली स्थापन झालेल्या पर्यटन संघटनेचे स्वयंसेवक डोंगरातल्या दगडांवर लाल ‘टी’ रंगवत आले आहेत, धुक्यात चालणारा माणूस एका खुणेवरून दुसरीवर जातो.

देखभालीच्या दिवशी एक गोष्ट कळते ती कायमची मनात राहते: वाटेचा खरा शत्रू पाणी. नागमोडी वाट असते तिथे कुणीतरी दोन वळणांच्या मधून सरळ खाली उतरतं. दहा जण उतरले की गवत मरतं. पन्नास जण उतरले की माती उघडी पडते. मग पहिल्या मोठ्या पावसात पाण्याला ती सरळ उतरंड सापडते, ते वेगाने खाली येतं, माती घेऊन जातं आणि तिथे घळ पडते. दोन-चार वर्षांत मूळ वाटही त्या घळीत ढासळते. यावर उपाय म्हणजे वाटेला तिरका दगडांचा बांध घालून पाणी बाजूला काढून देणं आणि मधली उतरंड फांद्या टाकून बंद करणं. एक बांध नीट बसवायला तीन माणसांची सकाळ जाते. तो एकदा स्वतःच्या हाताने बसवलात की पुन्हा कधी मधून उतरणार नाही, आणि दुसरं कुणी उतरताना दिसलं तर त्याला का नको तेही समजावून सांगाल.

मागून पुढे

काही ट्रेक झाले, वाटा आणि माणसं ओळखीची झाली, की शेवटून चालायचं काम मागून घ्या. बाहेरून हे दुय्यम काम वाटतं. खरं तर गट कसा चालतो ते मागूनच दिसतं: कोण लंगडतंय, कोण गप्प झालंय, कोण पाणी पीत नाहीये. हळू चालणाऱ्याच्या पाठीवर श्वास टाकत चालू नका, दहा पावलं अंतर ठेवा. त्याला घाई वाटली की पाय घसरतो. त्याच्याशी साध्या गप्पा मारा, आणि ‘झालंच आता, पाच मिनिटं’ असं खोटं सांगू नका. खरा वेळ सांगा, माणूस त्याच्या हिशेबाने चालतो.

त्यानंतर को-लीडर, आणि मग कधीतरी तुमचा पहिला ट्रेक. त्यासाठी वाट अशी निवडा जी तुम्ही दोन्ही दिशांनी चालला आहात. आधीच्या दोन-तीन आठवड्यांत जाऊन पाहून या, वाटा एका पावसात बदलतात. गट लहान ठेवा. मधूनच खाली उतरता येईल अशा जागा नकाशावर खुणा करून ठेवा. सोबत एक अनुभवी माणूस को-लीडर म्हणून घ्या आणि कोणत्या गोष्टींवर त्यांनी तुम्हाला अडवायचं ते निघण्याआधीच दोघांनी ठरवा. आदल्या रात्री सगळ्यांची नावं, घरचे फोन नंबर, ठरलेली वाट आणि परतायची वेळ, अशी यादी ट्रेकला न येणाऱ्या एका सभासदाकडे पाठवा. किती वाजेपर्यंत तुमचा निरोप आला नाही तर त्यांनी कुणाला फोन करायचा, तेही त्यातच लिहा. त्यांचं ‘यादी मिळाली’ असं उत्तर आल्यावरच गजर लावून झोपा.